इमानात रेंज राहते का?

मुखरू : उतर खाली, लटारू. साठी उलटली तुही. मोहाची फांदी हाय ते, घरची बाज नव्हे.

लटारू : थांब गा. इथी फोन रेंजच्या तीन कांड्या दाखवून राह्यला. अजून हातभर वर गेलो का चार होतीन.

मुखरू : चार होऊन काय करशीन? पोरीचाच फोन लागून नाई राह्यला.

लटारू : तेच तं समजत नाई. सकाळी नागपूरवरून सरपंचाच्या माडीवरच्या फोनवर मायसंग बोल्ली दिव्यानी. इमानात बसतो म्हने, बारा वाजून वीस मिन्टाले बंगलोरले उतरतो. म्हंजे आता आभाळात असन. आभाळात रेंज कमी राहीन का?

मुखरू : हे तुले कोनं सांगतलं?

लटारू : सांगाले काय पाह्यजे? आपल्या गावात एक कांडी नाई. सरपंचाच्या माडीवर एक. या टेकडीवर दोन. मोहावर तीन. जसजसं वर, तसतशी रेंज. अन् तिचं इमान तं ढगाच्याबी वर. तिथी तं फोनात कांड्या मावत नसतीन!

मुखरू : हास तं येते गा, पन हासत नाई. मीबी असंच समजत होतो.

लटारू : मंग?

मुखरू : आरमोरीच्या टॉवरखाली सहा वर्षं राखन केली मी. एक दिवस इंजिनीअर आले, त्याईले विचारलं, साहेब, इमानवाल्याईचा फोन लय साफ लागत असन नाई? ते इतके हासले का हातातला चहा सांडला.

लटारू : काऊन?

मुखरू : टॉवरवर ते लांब डबे नाई का लावले राहत? ते गावाकडं वाकवले राहतेत. आपन रातच्याला बॅटरी वाटेवर धरतो, तवा झाडाच्या शेंड्यावर उजेड पडते का?

लटारू : नाई पडत.

मुखरू : तसंच हाय. इमान खाली असलं तं थोडीशी लागतेबी म्हने, पन वर गेलं का खतम. अन् पयते किती! एका टॉवरनं धरलं नाई का दुसऱ्याच्या हद्दीत. मुख्य म्हंजे बसल्या बसल्या सगळ्याईले सांगतेत, फोन फ्लाइट मोडवर टाका. फोन चालू राहते, पन त्याचं तोंड बंद.

लटारू : काऊन बाप्पा? इमान पडते का?

मुखरू : पडत नाई! ड्रायव्हर बोलत राहते खालच्याशी, त्याच्या कानात खरखर नको, म्हून. नियमच हाय तसा. काही इमानात वायफाय राहते, त्यावर मेसेज जातेत. पन सगळ्यात नाई. आता उतर, मले मान वर करून बोलाव लागून राह्यलं.

लटारू : म्हंजे तिनं मुद्दाम बंद नाई ठेवला?

मुखरू : मुद्दाम काऊन ठेवीन?

लटारू : मले वाटलं, माह्यावरच्या रागानं.

मुखरू : हां. आता समजलं. मी म्हनलं, हा मानूस भर दुपारी वांदरावानी काऊन चढला! घरी शकुबाईले काय सांगून आला?

लटारू : बैल हुडकाले जातो म्हनलं.

मुखरू : बैल तं तुह्या गोठ्यात बांधला हाय. मी आत्ता पाहून आलो.

लटारू : तिलेबी दिसला असन.

मुखरू : संभाळून. त्या ठुंठावर पाय दे. हां. आता बस इथी गोट्यावर अन् सांग, काय झालं?

लटारू : काल पोरगी निंगाली. बॅग घेतली, पाया पडली. येतो बाबा, म्हने. अन् मी काय म्हनलो माहीत हाय? जाय, म्हनलो.

मुखरू : जाय?

लटारू : असंच. जायाचं तं जाय. अन् ढोराच्या पान्याले निंगून गेलो. मांगं पाह्यलंबी नाई.

मुखरू : लटारू! निंगत्या मानसाले कोनी जाय म्हनते का? आपल्यात तं पावन्याले, फेरीवाल्यालेबी येजो म्हनतेत. मयताले जाय म्हनतेत गा!

लटारू : ते का मले माहीत नाई? रातभर डोया नाई लागला. आई म्हने माही, मानूस वाटेत हाय तवर शब्द फिरवता येते. पाय टेकला, का झालं. म्हून मले ती पोचायच्या पहिलेच बोलाव लागते. आता म्हन, चढू का नाई मोहावर?

मुखरू : राग कशाचा होता येवढा? नर्सचं शिकली, येवढ्या मोठ्या दवाखान्यात लागली. त्याईनंच तिकीट पाठवलं. गावातून इमानात बसनारी पहिली पोरगी हाय ते.

लटारू : राग नाई होता गा. भेव होतं. गडचिरोलीले लागती तं सायकलनं भेटून आलो असतो. बंगलोर मी कुठी पाह्यलं? मले भेव लागलं का मी खेकसतो. शकुच्या बाळंतपनातबी खेकसलोच होतो.

मुखरू : हो, त्या डॉक्टरीनबाईवर. अजून आठवन काढतेत लोक.

लटारू : किती वाजले?

मुखरू : बाराले दहा कमी हायेत. लाव फोन.

लटारू : आत्ता तं म्हनला लागत नाई.

मुखरू : लागत नाई, पन वाया जात नाई. तिनं फोन चालू केला का मेसेज येते, बाबानं फोन लावला होता म्हून. अन् साहेबानं अजून एक सांगतलं होतं. इमान टेकलं तरी दार लगेच उघडत नाई. लोकं आत उभे राहतेत अन् सगळ्यात पहिले फोन काढतेत. तेवढा टाइम तुहा.

लटारू : तेवढ्यात होईन?

मुखरू : एक शब्द तं बोलाचा हाय. भाषन का द्याचं हाय?

लटारू : लावतो. ते फोनातली बाई पुन्हा इंग्रजीत सुरू झाली.

मुखरू : ऐकून घे तिचं. अन् पुन्हा लाव.

(बारा वाजून तेवीस मिनिटांनी फोन वाजतो.)

मुखरू : उचल गा! पाहून काय राह्यला? ते हिरवं दाब.

लटारू : हॅ… हॅलो?

दिव्यानी : बाबा! एकवीस मिस कॉल! काय झालं? आईले काही झालं का?

लटारू : आईले काय होते? बरी हाय ते. तू पहिले सांग, कुठी हाय? पाय ठेवला का खाली?

दिव्यानी : नाई. आत्ताच टेकलं इमान. दार नाई उघडलं. सगळे उभे झाले, मी खिडकीपाशी अडकून हावो. काऊन बाबा?

लटारू : उठू नको. बसून राह्य.

दिव्यानी : बाबा, मले भेव लागून राह्यलं आता. सांगा ना.

मुखरू : बोल लवकर! दार उघडतीन ते.

दिव्यानी : कोन, मुखरूकाका हायेत का?

लटारू : हो, हाय तो. बाई, काल तू येतो म्हनली. मी काय म्हनलो?

दिव्यानी : जाऊ द्या ना बाबा.

लटारू : जाऊ नाई देत. ते मी नाई म्हनलो व माय, माह्या भेवानं म्हनलं. तुह्यावर राग नाई माहा. ऐकून राह्यली का?

दिव्यानी : हो.

लटारू : पाह्यजे तितके दिवस राह्य तिथी. चांगलं काम कर. पन येजो. येजो, बाई.

मुखरू : काय म्हनते? कट झाला का?

लटारू : नाई. चालू हाय. येतो म्हने.

मुखरू : मंग ठेव आता. जेवाले चाल.

लटारू : थांब. तिचं दार उघडू दे.