गिनीपिगचं बाळंतपण

थंडीवरून आठवलं. मी कॉलेज सोडून गिनीपिगची जोडी आणली, तर अक्का, म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, थोरली बहीण, वर्षभर त्यांना उंदीरच म्हणत होती. घराजवळच उणकलचं तळं, त्यावरचं वारं बोचरं, म्हणून मी अंगणातल्या पिंजऱ्याला पोती बांधली, आत वाळलं गवत भरलं. ऐन गारठ्यात मादी व्याली, तीन पिल्लं झाली. सकाळी बघतो तर अक्कानं पिंजऱ्याखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवलेली, वर ओव्याची धुरी.

"अक्का, धुरानं मरतील ती. आणि गवत पेटलं तर?"

"सुम्म कूडो, गप्प बस. बाळंतिणीला शेक नको? तुझ्या वेळी तुझ्या आईला चाळीस दिवस दिला."

"म्हणूनच माझं डोकं असं तापलेलं असतं."

मी शेगडी ओढून काढली. गरम पाण्याची बाटली अप्पांच्या माकडटोपीत कोंबून पिंजऱ्यात ठेवली. अप्पा ओरडले, पण पिल्लं लगेच टोपीला चिकटून झोपली. ते बघून अक्का आत गेली आणि डिंकाचे लाडू घेऊन आली.

"अगं, ती गवत खाते."

"मग तू खा. कॉलेज सोडल्यापासून अंगणाबाहेर पाय टाकला नाहीस, तूही बाळंतीणच."