यादीतला गुरुवार

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर 'रंग ओला आहे' अशी चिठ्ठी ठेवून मी ऐसपैस बसलो होतो. माणसं बिचारी उभी. मागच्या बाकावर एक भाऊ-बहीण बोलत होते.

"ताई, आमची ही आठवड्याची जेवणं लिहून फ्रीजवर लावते ना? गुरुवारी भोपळा होता. मी खोडून लिहिलं, 'आज सगळे हॉटेलात.'"

"तिच्याच अक्षरात? नालायका!"

"हुबेहूब! ती पोट धरून हसली आणि भोपळाच केला."

"मग तोंड का पाडलंयस?"

"संध्याकाळी बाबा खोलीतून आले. कडक इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. म्हणाले, 'निघायचं ना?'"

"अरे देवा! त्यांना सांगितलंच नव्हतं?"

"ते रोज यादी वाचतात, हे मला कुठं ठाऊक होतं! पोरं ओरडली, 'आजोबा फसले!' बाबाही हसले. म्हणाले, 'मीसुद्धा गंमतच करत होतो.'"

"आणि?"

"बूट न काढताच जेवले. भोपळा दोनदा मागून घेतला."

"मग आज ने की त्यांना."

"टेबल सांगून ठेवलंय गं. बाबा म्हणतात, 'आधी खरं का ते सूनबाईला विचारून येतो.'"

मी चिठ्ठी गुपचूप खिशात घातली.