अंगठा उचलायचा

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मी हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्यायला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर शेजारी एक नवरा-बायको बसले होते. बाई आधीच पास झाल्या होत्या. परीक्षा नवऱ्याची होती.

"आज नापास झालात तर ते गाडीमागे जोडायचं फिरतं घर विकून टाकायचं. मी काही डोंगरात यायची नाही."

"अगं, तिथं मोबाईल लागत नाही म्हणून तर रेडिओ घेतला!"

"आणि रेडिओ हातात धरून गाडी मागे घेताना ते घर शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात घातलंत."

"मागे तू उभी होतीस. थांबा म्हणायचं की."

"अकरा वेळा म्हणाले! तुम्ही बटण दाबून 'बोल, बोल' ओरडत होतात. दाबलेलं असलं की समोरच्याचं ऐकू येत नाही, हे आतल्या काकूंनाही कळलं. तेही अंगाला साबण लावलेला असताना."

"मी त्यांना लगेच नमस्कार केला."

"डोळे मिटून करायचा होता! आता सांगा, बोलून झालं की काय करायचं?"

"'ओव्हर' म्हणायचं."

"मग?"

"मग तू गप्प का, असं विचारायचं."

"अहो, अंगठा उचलायचा!"

आतून त्यांना हाक आली.

"तू जाऊ नकोस हं कुठं."

"कुठं जातेय? निघा."

ते पास झाले. पुढची सहा वर्षं त्या दोघांची डोंगरातली भांडणं मी घरबसल्या रेडिओवर ऐकली. सातव्या वर्षी, उन्हाळा लागताना, बाई वारल्या.