मयताची बिअर

ओद्मुंड : बोट घाला पिंपात, जावईबापू. पार खालपर्यंत. पोळलं?

यार्ले : नाही. कोमट आहे. धारोष्ण दुधासारखं.

ओद्मुंड : धार कधी काढलीत तुम्ही? बर्गनला बुटांच्या दुकानात गाय बांधली होती का?

यार्ले : बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला कमी बोलायला सांगितलंय.

ओद्मुंड : डॉक्टर म्हणाला, म्हातारा रविवार गाठत नाही. कमी बोललो तर सोमवार मिळेल का? अहो, मयताला आलेला माणूस आधी बिअरची वाटी हुंगतो, मग रडतो. माझ्या बापाच्या मयताला तीन शेजारी पिंपात पडले होते. दोघांना बाहेर काढलं तर शिव्या द्यायला लागले. तिसरा अजून विचारतो, पुढचं मयत कधी. आणि माझ्या मयताला दुकानातली बिअर? चार गावं म्हणतील, ओद्मुंडच्या घरात आता पुरुष नाही.

यार्ले : म्हणून तर शिकतोय.

ओद्मुंड : शेतासाठी शिकताय. बिअर जमली तर शेत तुमचं, बिघडली तर पुतण्याचं. ठरलंय आपलं. गुन्वोर, उशीखालचं लाकडी कडं दे तुझ्या नवऱ्याला.

गुन्वोर : हे घे. जपून. पणजोबांपासूनचं बिअरचं विरजण वाळलंय ह्या लाकडावर.

यार्ले : नुसतं बुडवायचं?

गुन्वोर : बुडवताना ओरडायचं. पोटातून. जेवढा राग, तेवढी बिअर कडक. मिळमिळीत ओरडलास तर माणसं मयतात पेंगतात.

यार्ले : होऽ.

ओद्मुंड : बकरीची दाढ दुखतेय का गं?

गुन्वोर : पुन्हा, यार्ले.

यार्ले : होऽऽ!

ओद्मुंड : गिऱ्हाईक गेलं तुमचं, बूट न घेता. बरं, माळ्यावर पाळणा आहे. ह्या हातांनी कोरलेला. सध्या त्यात कांदे असतात.

गुन्वोर : बाबा, तो विषय नको.

ओद्मुंड : एकदा भरला होता म्हणा. एक रात्र. आमच्या घरात असलं लेचंपेचं कधी जन्मलं नव्हतं. बापच पाणचट, तर पोर टिकणार कशाच्या जोरावर?

यार्ले : मर! मर ना एकदाचा, थेरड्या!

ओद्मुंड : हां. सोडा आता कडं. गुन्वोर, डोळे पूस आणि झाकण लाव.

(शनिवार. तीच खोली, तीच खाट.)

ओद्मुंड : अजून एक वाटी भरा.

यार्ले : किती पिणार, बाबा?

ओद्मुंड : माझ्या बापालाही अशी जमली नव्हती. गालफडं बघ माझी, गुन्वोर. सकाळी डॉक्टरनं माझी नाडी धरली आणि स्वतःच खाली बसला. पायांतसुद्धा ऊब आलीय.

यार्ले : उद्या माणसं येतील. तुम्हीच सांगावे धाडायला लावलेत. खड्डाही खणून झालाय.

ओद्मुंड : येऊ देत. मी खुर्चीत बसून पाजीन एकेकाला. खड्ड्यात बटाटे लावा.

यार्ले : आणि शेत?

ओद्मुंड : ठरलं होतं ते मयताच्या बिअरचं. मयत कुठाय? आता दरवर्षी शिकवीन तुम्हाला. तुमच्या घशातून आवाज कसा काढायचा ते कळलंय मला. पाळणा कुठे जात नाही.

गुन्वोर : मयताची बिअर थांबत नाही पण, बाबा. उद्या संपली नाही तर आंबते.

ओद्मुंड : मग संपवू की.

गुन्वोर : यार्ले, कडं वाळलं का रे?

यार्ले : वाळलं.

गुन्वोर : मग ठेवून दे जागेवर. बाबा, मान उचला जरा. यार्ले, उशी काढ.

ओद्मुंड : फडक्यात गुंडाळ नीट. तुझ्या नवऱ्याचा भरवसा नाही.

गुन्वोर : गुंडाळलं. ठेवलं.

ओद्मुंड : मग उशी द्या की इकडे.

गुन्वोर : देतोय तो, बाबा.