आपल्या हातानं प्यायचं न्हाई

माझं नाव हिराबाई. माहेर शेवगाव तालुक्यातलं, काळ्या रानाचं, कपाशीचं, आन् सासर हे इथं पारनेरच्या माळावर, वटाना आला तर आला न्हाई तर नुसती कुसळं. बापानं एवढ्या लांब कशी काय दिली ते त्यालाच ठावं. सतराव्या वर्षी लगीन झालं, अक्षदा पडल्या, जेवनं उरकली, भटजी दक्षिना घेऊन गेला, आन् सासूबाई म्हनल्या, चला, आता खरं लगीन लावू. मी मनात म्हनलं, म्हंजे मगाशी लावलं ते खोटं हुतं का काय, पर तवा नव्या नवरीला तोंड उघडायची सोय नव्हती, आता बघा कसा पट्टा चालू हाय तोंडाचा. तर मला नेलं गावाबाहेरच्या लिंबाखाली. तिथं दगडाचा वटा, वट्यावर तीन रांजन, बास. मूर्ती न्हाई, कुंकू न्हाई, घंटा न्हाई, झेंडा न्हाई. मालकांनी वंजळ धरली, मला सांगितलं वत पानी, मंग मी वंजळ धरली आन् त्यांनी वतलं. मला दुपारपासनं तहान लागल्ती, मी आख्खा तांब्या संपवला आन् वर म्हनलं, आजून. सगळी हसाया लागली. सासूबाई म्हनल्या, चांगली हाय पोरगी, लाजत न्हाई.

आमाला गावात हातपानीवाले म्हंत्यात. चौदा घरं हायेत, त्यातली बारा शेतकऱ्यांची, एक लव्हाराचं, आन् एक आमच्या शब्बीरभाईचं, त्यांचा टेम्पो हाय. लई मागं नगूआई म्हनून एक रांडमुंड बाई हुती, दुस्काळात सगळ्या आडाला कुलपं लागली आन् हिनं आपला आड उघडा ठिवला, दोर तिच्याच हातात, ईल त्याला वतायची, जात पुसली न्हाई. लोक तिला म्हनले, तू तरी पी, तर म्हनायची, मला कुनी वतलं तर पिईन. मरताना सांगून गेली, माझं तोंड दगडात काढू नका, माझी पोथी लिवू नका, रांजन भरत जावा. तवापासनं रीत अशी की रोज दिस उगवायला एका घरानं रांजन भरायचं, पाळी लावून, आन् तिथलं पानी आपल्या हातानं घेऊन कुनी प्यायचं न्हाई, दुसऱ्यानं वतायचं. आन् दुसरी रीत, ती लई अवघड, ज्याच्याशी भांडान हाय त्याच्याच हातनं प्यायचं, तवर तिथलं पानी बंद. देवाधर्माला आमी खंडोबाला जातो, शब्बीरभाई मशिदीत जात्यात, त्याला कुनाची आडकाठी न्हाई.

खरं सांगू का, मलाच पटत नव्हतं हे. मी मालकांना म्हनायची, ह्यो कसला तुमचा धरम, ना नवस ना परसाद, ह्याला काय देव म्हनायचा का. ते शेती करून गवंडीकाम करनारं मानूस, बोलनं कमी, म्हनायचे, राहा थोडी, कळंल. मंग लग्नाला वरीस झालं आसंल, सासूबाईंशी माझं वाजलं, कशावरनं तर भाकरीच्या पिठावरनं, पर लई वाजलं, आठ दिस आमी एकमेकीशी बोललो न्हाई. दर आमुश्याला जमत्यात तशी सगळी लिंबाखाली जमली. आन् काय सांगू तुमाला, त्या साठीच्या बाईनं, जिला आख्खं गाव भ्यायचं, माझ्यापुढं येऊन वंजळ धरली. अठरा वर्साच्या पोरीपुढं. मान खाली. अर्धं पानी मी त्यांच्या लुगड्यावरच सांडलं. मंग त्यांनी मला वतलं. घरी येऊन दोघी रडलो आन् मंग पिठलं केलं. त्या दिसापासनं मी कवा म्हनले न्हाई ह्याला काय देव म्हनायचा का.

तर असं चाललं हुतं. मी साळंत खिचडी शिजवायला लागले, वीस वर्सं शिजवली, ह्या गावातलं असं पोर न्हाई ज्यानं माझ्या हातची खिचडी खाल्ली न्हाई, त्यातलं एक आता पंचायतीत शिपाई हाय आन् मलाच म्हनतंय, आजी, उद्या या. असू द्या. तर मालकांच्या मनात आलं, बाया लांबनं हंडं वाहत्यात, लिंबापाशी नळ घ्यावा. पंचायतीत अर्ज छापील हुता, जागा कशाची त्याच्यापुढं काय लिवायचं ते कुनालाच सुचंना. देऊळ न्हाई, दर्गा न्हाई, समाज मंदिर न्हाई. आमच्याकडं शबुदच न्हाई त्याला, आमी नुसतं लिंबाखाली म्हंतो. मालकांनी आपलं सरळ लिवलं, पानपोई, खाली सही केली, आन् नळ आला. आमी पेढं वाटलं. पुढं ह्योच कागद आमच्या गळ्याला फास हुईल हे सपनात तरी आलं आसंल का.

नळाची चारी खनली ती आबाच्या बांधातनं. आबा म्हंजे मालकांचा धाकटा चुलतभाऊ, माझा दीर, हातपानीचंच घर. त्याला इचारायचं राहून गेलं, खरंच राहून गेलं, तर त्याला वाटलं मुद्दाम केलं. दोघं भाऊ बांधावर एकमेकाच्या अंगावर धावून गेलं. मालक आमुश्याला लिंबाखाली वाट बघत बसायचे, आबा यायचा न्हाई. एक वरीस झालं, दोन झाली, अकरा झाली. अकरा वर्सं आबानं रांजनाचं पानी तोंडात घेतलं न्हाई. त्यातल्या आठव्या वर्सी मालक गेले, छातीत दुखलं आन् गेले, शेवटचं पानी मी लिंबाखालनं आनून तोंडात घातलं, आन् आबा काय आला न्हाई. मी तुमाला खोटं कशाला सांगू, त्या दिसापासनं मला त्याचं तोंड बघावं वाटत नव्हतं.

आन् गेल्या वर्सी रस्ता रुंद करायचं निघालं. मोजनीवाले आले, लाल खुना केल्या, लिंब आन् वटा दोन्ही खुनंच्या आत. तलाठी भाऊसाहेब म्हनले, यादीत जे धार्मिक स्थळ हाय त्याला गावठानात जागा मिळंल, इधीनं हलवत्यात, बाकीचं जेसीबीनं काढून टाकायचं. मी म्हनलं, आमचं? ते म्हनले, आजी, तुमचं पानपोईत हाय, तुमच्या मालकाची सही हाय. नवऱ्याच्या हातचं ते एवढंच अक्षर सरकारात ऱ्हायलं आन् तेच आमच्यावर उलटलं. आन् आबानं वर अर्ज दिला, की ती पानपोईच हाय. कारन गावठानातली जी जागा आमाला मिळाली असती तिथं त्याचा कडबा रचलेला, वर्सानुवर्सं.

मी पारनेरच्या तहसील कचेरीला खेटं घातलं. एसटीनं जायचं, बाकावर बसायचं, साहेब मिटिंगला, परत यायचं. एका साहेबांनी नीट इचारलं, म्हनले, आजी, तुमचा ग्रंथ कोणता, मी म्हनलं न्हाई. संस्थापक कोण, नगूआई. तिचा फोटो, न्हाई. पुजारी, न्हाई. ट्रस्ट, न्हाई. मग तुम्ही हिंदू की मुसलमान. मी म्हनलं, दोनी हाये. ते हसले, म्हनले, असं नसतं आजी, रकाना एकच असतो. मी म्हनलं, साहेब, रकाना तुमी आखला, पानी आमी आधीपासनं भरतोय. तर म्हनले, भाषण छान करता. मला असा संताप आला, पर करती काय. येताना एसटीत शब्बीरभाईला म्हनलं, ते खोटं न्हाई बोलत, दाखवायला आपल्याकडं हायच काय. तो म्हनला, भाभी, कोन बघाया आलं तरच दिसंल ना. मंग आमी चौदाच्या चौदा घरांनी, म्हंजे आबाचं सोडून तेरा, सह्याअंगठे देऊन मागनी केली, जागेवर येऊन बघा.

चैताच्या उन्हात तहसीलदार मॅडम आल्या. तरन्या हुत्या, माझ्या नातीएवढ्या, पर नजर कडक. आख्खं गाव जमलं. आबा फटफटीवर आला, कागद घेऊन, म्हनला, मॅडम, ही बघा सही, पानपोईच हाय ही. मॅडमनी वटा बघितला, रांजनात वाकून बघितलं, मंग मला तेच सगळं इचारलं, मूर्ती, पोथी, पुजारी, आन् मी तेच न्हाई न्हाई म्हनत गेले. त्या म्हनल्या, आजी, तुमचं काम चांगलं आहे, पण लोक सवयीनंही पाणी भरतात. सवय वेगळी आणि श्रद्धा वेगळी, मला लिहायला काहीतरी दिसलं पाहिजे. त्यांचं काय चुकीचं नव्हतं. मला वाटलं झालं, संपलं, उद्या जेसीबी.

तेवढ्यात मॅडमची नजर आबाकडं गेली. त्याचा सदरा घामानं चिंब, टोपीनं तोंड पुसतोय, जीभ ओठावरनं फिरवतोय. मॅडम म्हनल्या, काका, तहान लागलीय तुम्हाला, पाणी घ्या की. आबा म्हनला, नको. का, पाणी खराब आहे का. छ्या, गार हाय. मग कुणी अडवतं का तुम्हाला. न्हाई, कोन अडवतंय. मग पाणपोई आहे म्हणता ना, घ्या आणि प्या. आता आबा हट्टाचा, पुढं झाला. त्यानं झाकनी काढली, तांब्या उचलला, बुडवला, तोंडापाशी नेला, आन् थांबला. तांब्या तसाच. पानी त्याच्या मनगटावरनं खाली गळत हुतं. मंग त्यानं ते पानी हळू लिंबाच्या बुंध्याला वतलं आन् तांब्या पालथा घातला.

मॅडम म्हनल्या, काय झालं. आबा मान खाली घालून म्हनला, इथं आपल्या हातानं पेत न्हाईत. त्या म्हनल्या, मग दुसऱ्या कुणाच्या हातून घ्या, एवढे लोक आहेत. म्हनला, अकरा वर्सामागं ज्याच्याशी भांडलो त्याच्याच हातचं चालतं, आन् तो मेला. मॅडम म्हनल्या, अहो, या अकरा वर्षांत एकटे असताना कधी प्यायला असतात, तर कोण पाहणार होतं? आबा म्हनला, बघायला कशाला पायजे कोन.

मॅडम वट्याच्या कडंला बसल्या आन् मांडीवर फाईल घेऊन लिवायला लागल्या. आन् मला काय झालं कुनास ठाऊक. तीन वर्सं ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्याच्यापुढं मी तांब्या भरून उभी राह्यले. म्हनलं, ते न्हाईत, मी हाय, धर हात. आबा म्हनला, वहिनी, मी मयताला आलो न्हाई. मी म्हनलं, ते मला म्हाईत हाय, धर. त्यानं वंजळ धरली. एवढा दांडगा गडी, पोरासारखा हुंदकं देत पानी पीत हुता. एक तांब्या झाला, म्हनला, आजून. मला माझं लगीन आठवलं. मंग त्यानं मला वतलं. तिकडं शब्बीरभाई डोळं पुसत टेम्पोच्या टायरला उगाच लाथा मारत हुता.

मॅडमनी काय लिवलं ते भाऊसाहेबांनी चावडीत सगळ्यांपुढं वाचलं, मला आख्खं पाठ हाय. सदर ठिकाण पाणपोई नसून धार्मिक स्थळ आहे, कारण येथील नियम कोणी पाहत नसतानाही, विरोधकाकडूनही पाळला जातो. एवढंच. साहेब म्हनले हुते ग्रंथ कोणता. आता मी म्हंते, ही घ्या आमची दोन वळीची पोथी, आन् ती पन सरकारनं लिवून दिली.

गावठानातला कडबा आबानं आपल्या हातानं हलवला, दोन दिस लागलं. मंग हालगी लावून आमी रांजन नेलं, गोधड्यात गुंडाळून, शब्बीरभाईच्या टेम्पोत, मुंगीच्या चालीनं, पुढं आमी बाया बिनचपलीच्या. गाव दोनी बाजूनं उभं, हसनारी पन उभी. लिंब काय नेता आला न्हाई, ते लागलं मनाला, पर त्याच्याच लिंबोळ्या नव्या वट्यापाशी लावल्या, गुडघ्याएवढी रोपं झाली. नळाचा नवा अर्ज केला, जागा कशाची त्याच्यापुढं आबानं लिवलं, हातपानीचं ठानं. शबुद बी झाला आता.

आता माझं वय झालं, खिचडीला दुसरी बाई हाय, तिखट घालत न्हाई ती. पर माझ्या पाळीला रांजन मीच भरते. मॅडमची बदली झाली, जाताना येऊन गेल्या, वंजळ धरून उभ्या राह्यल्या, मी वतलं, म्हनलं, बाई, जिथं जाशील तिथं तुला वतनारं मानूस भेटू दे. तुमाला पन तेच म्हंते. या, असं पुढं या, तो मोबाईल ठिवा बाजूला आन् धरा वंजळ. गार हाय का न्हाई? घ्या आजून. झालं का? मंग आता तांब्या घ्या आन् मला वता, मघाधरनं बोलतीया, घसा पार वाळून गेला माझा, आन् रांजन हाताला लागून हाय, पर आपल्या हातानं प्यायचं न्हाई.