बारावा टॉक

...आणि वर मलाच म्हणते, ब्रेक जरा हळू दाबा. अहो, हळूच दाबतो मी, पण बावीस वर्षांची मोटरसायकल, पुढचे शॉकअप इतके मऊ झालेले की ब्रेकला नुसतं बोट लागलं तरी गाडी नाक खाली घालून रस्त्याचा वास घ्यायची, आणि मागून बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर... टॉक. आमची ही नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटते, मी आणायला जातो, आणि दवाखाना ते घर, तुम्हाला सांगतो, अकरा टॉक, मोजलेत मी. ज्या दिवशी बारावा झाला त्या दिवशी ती उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "रात्रभर लोकांची डोकी बांधते मी. माझं कोण बांधणार? उद्यापासून बसने येईन."

म्हटलं, ये.

पण दोन बस बदलून, उभ्याने, सुजलेल्या पायांनी ती घरी येऊन खुर्चीत बसायची ना, तेव्हा चहा देताना मला तिच्याकडे बघवेना. गेलो मेकॅनिककडे. त्याने हँडल दोनदा खाली दाबलं, कणीक मळल्यासारखं, आणि म्हणाला, स्प्रिंगा बसल्यात काका, नवीन मिळत नाहीत, वय झालं आता. हे म्हणताना तो गाडीकडे बघत होता की माझ्याकडे, कोण जाणे.

म्हटलं, घरीच करू. व्हरांड्यात गाडीच्या पोटाखाली लाकडी खोकं सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि शॉकअपच्या नळीचं वरचं झाकण फिरवायला लागलो. आता त्या झाकणाखाली स्प्रिंग दबा धरून बसलेली असते हे मला कोणी सांगायचं? झाकण उडालं, छताला लागलं आणि सासऱ्यांच्या मांडीवर पडलं. ते आमच्याकडेच राहतात, तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, झाकण उचललं, म्हणाले, "जावईबापू, हे तुमचं असावं," आणि पुढचं पान उलटलं.

आतून तेल निघालं काय, एका नळीतून अर्धा कप काळा काढा, दुसरीतून दोन चमचे! बाकीचं फाटक्या रबरी सीलमधून कधीच रस्त्यावर गेलेलं. नवी सील बसवली, मापाने नवं तेल भरलं, आणि स्प्रिंगा बोटभर आखूड झालेल्या म्हणून न्हाणीघराच्या उरलेल्या पाइपचे तुकडे कापून त्यांच्या डोक्यावर ठेवले. हात सैल माझा, चार बोटं कापले. गाडी अशी ताठ झाली की पहिल्याच गतिरोधकाला माझा चष्मा नाकावरून खिशात. परत उघडलं, तुकडे बोटभर केले, परत बसवलं. आठ दिवस गेले यात.

नवव्या दिवशी सकाळी दवाखान्याबाहेर उभा राहिलो. तिची बस नुकतीच गेली होती. मी म्हटलं, नुसतं कोपऱ्यापर्यंत बस. बसली. पहिल्या सिग्नलला ब्रेक दाबला, गाडी नमस्कार करावा तशी जराशी वाकली आणि थांबली. मी कान टवकारले... काही नाही. दुसरा सिग्नल, काही नाही. आणि मग पाठीवर हळूच वजन आलं. हिचे हात माझ्या पोटावर घट्ट गुंफलेले आणि डोकं माझ्या खांद्यावर. झोपली होती हो! पापड वाळत घातल्यासारखी जपून गाडी चालवली मी. घर आलं, पण थांबलो असतो तर जागी झाली असती, म्हणून तसाच पुढे, पाण्याच्या टाकीला वळसा, शाळेवरून परत घरापुढे, परत टाकी... तिसऱ्या फेरीला जाग आली तिला.

"अहो, हे कुठे आलो? रस्ता चुकलात?"

आता काय सांगणार? हो म्हटलं.

तेव्हापासून शॉकअपबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. घरभर एकच काळजी, यांना हल्ली रस्ते आठवत नाहीत. मुलीने मोबाइलवर नकाशा लावून दिलाय, त्यातली बाई रोज सकाळी मला माझ्याच घरी यायचा रस्ता सांगते, डावीकडे वळा, उजवीकडे वळा...

वळतो.