गुलालाचा ट्रॅक्टर

भैयाजी : मी सांगून राहिलो न धनीराम, पंपच गेला! काळा धूर म्हणजे पंप!

धनीराम : सकाळी तुमी डिझेल खराब म्हणले, मी टाकी रिकामी केली. मंग नोझल म्हणले, तेही खोलून पाहिले. उभ्यानं त चांगला चालते, भैयाजी. चिखलात उतरला का दम टाकते.

भैयाजी : म्हातारा झाला तुहा ट्रॅक्टर. इकून टाक.

रेवताबाई : अजी, धानाच्या रोवणेकरी बाया कवाच्या वावराच्या धुऱ्यावर बसून हायेत. धानाचे पऱ्हे, कवळे रोपं, उपडून ठेवले. चिखल नाही झाला त रोवतीन कुठं? उन्हानं वाळून जातीन सारे.

धनीराम : मंग मी का खेळून राहिलो इथं?

रेवताबाई : चिडू नोका. हा बिमार कवापासून पडला, ते त आठवा.

धनीराम : परवा भैयाजी निवडून आले, मिरवणुकीले नेला, तवा मस्त होता. वापस येताना खोकलत आला.

भैयाजी : सरपंचाले फिरवलं त्यानं. भाग्य म्हण!

धनीराम : थांबा, थांबा. हवेचा फिल्टर त पाहिलाच नाही... अरे बापा! रेवता, इकडं पाय! फिल्टरच्या वाटीतलं तेल गुलाबी झालं. जाळीत नुसता गुलाल! श्वासच घेता येत नाही त वढन कसा बिचारा?

भैयाजी : गुलाल? हे विरोधकाइचं काम हाय! चौकशीच लावतो.

रेवताबाई : हरलेले कायले गुलाल उधळतीन? बोनेटवर उभे राहून तुमीच त पोतं झटकलं.

भैयाजी : जनतेचं प्रेम होतं ते, वहिनी.

धनीराम : तेच अडकलं. रेवता, डब्यात डिझेल आन, जाळी धुतो.

(जाळी धुऊन, नवं तेल घालून धनीराम ट्रॅक्टर बांधीत, धानाच्या खाचरात, उतरवतो.)

धनीराम : पाहा! पूर्ण बांधी फिरला, धूर नाही! बायाइले बोलाव, रेवता!

भैयाजी : मी म्हणलोच होतो, खोलून पाय म्हणून. वहिनी, माहा एक फोटो काढा. 'नव्या सरपंचानं रोवणा सुरू करून दिला.' ग्रुपवर टाकतो.

रेवताबाई : काढीन न. पण धुऱ्यावरून काय दिसन? आज एक बाई कमीच हाय. हे पऱ्ह्याची पेंडी धरा आन् उतरा खाली.

भैयाजी : फोटोपुरतंच न?

रेवताबाई : हो. बांधी रोवून झाली का लगेच काढीन.

भैयाजी : ...चप्पल कुठं ठेवू?